नदीचे मूळ शोधावेच

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ऋषीपुरते ते ठीक आहे. ज्याच्यापाशी विद्या आहे त्याची जात विचारण्याचे कारण नाही, हा सुज्ञपणा त्या म्हणीत आहे. परंतु नदीचे काय? आभाळात ढगाचा मागमूस नसताना नदीला एकाएकी पूर चढला, गावात पाणी शिरले, तर तिचे मूळ न विचारणे याला सुज्ञपणा म्हणता येईल का? वरच्या अंगाला कोठे बांध फुटला की डोंगरात कोठे पाऊस कोसळला, हे पाहावेच लागेल. नाहीतर पाणी ओसरेपर्यंत गावकरी एकमेकांवर आरोप करीत बसतील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच पूर व तेच आरोप!

आज अशी एक नदी प्रत्येक महाविद्यालयातून वाहते आहे. संगणकांचे जाळे ही ती नदी. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, ग्रंथालयाची यादी, निकाल, सारे काही या जाळ्यावरून येते आणि जाते. एखाद्या दिवशी हे जाळे तुंबते. अर्जाची शेवटची तारीख असते आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. मग निकाल लागायला वेळ लागत नाही. ‘वसतिगृहातली मुले सिनेमे उतरवून घेत असणार’, ‘कोणीतरी बाहेरून हल्ला केला असणार’, ‘आर्ट्सच्या मुलांना हवीत कशाला ही यंत्रे?’ निकाल आधी आणि चौकशी नंतर, असा हा उलटा न्याय आहे. बहुधा चौकशी होतच नाही. वसतिगृहाची जोडणी सरसकट तोडली जाते आणि ‘प्रश्न सुटला’ असे जाहीर होते. ज्या विद्यार्थ्याच्या खिशात स्वतःच्या मोबाइलवर इंटरनेट घेण्याइतके पैसे आहेत त्याचे काही बिघडत नाही. ज्याच्या खिशात ते नाहीत त्याचा अर्ज तेवढा राहून जातो.

या प्रश्नावर कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लेखणी का उचलावी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, जाळ्यात अवचित आलेल्या गर्दीचा उगम शोधणे हे काम जितके तंत्राचे आहे तितकेच पुराव्याचे आणि न्यायाचे आहे. इतिहास, तर्कशास्त्र आणि पाठचिकित्सा शिकणाऱ्यांना ते परके वाटण्याचे काहीच कारण नाही. संगणकाच्या इतिहासातील दोन-तीन प्रसंग पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. संगणकांच्या जाळ्यात मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घातल्यासारखा स्वतंत्र प्रवास करतो. पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा पत्ता असतो, आणि दोन्हीकडच्या ‘पोर्ट’चा क्रमांक असतो. पोर्ट म्हणजे एकाच वाड्यातील बिऱ्हाडाचा क्रमांक समजावा. वाटेवरची यंत्रे ही पाकिटे पाहून पुढे ढकलतात. पाकिटे मर्यादेबाहेर वाढली की यंत्रांपाशी रांग लागते, आणि रांगेत जागा उरली नाही की पाकिटे चक्क टाकून दिली जातात. आपण जिला ‘नेट स्लो आहे’ म्हणतो ती अवस्था पुष्कळदा हीच.

पहिला प्रसंग १९८० सालचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाने १९६९ साली ‘आर्पानेट’ नावाचे जाळे सुरू झाले. आजचे इंटरनेट त्याच वंशातले. या जाळ्यात ठिकठिकाणी ‘इम्प’ नावाचे छोटे संगणक बसविलेले होते. त्यांचे काम टपाल कचेरीचे. कोणता रस्ता मोकळा आहे आणि कोणता तुंबला आहे हे सर्वांना कळावे म्हणून प्रत्येक इम्प वरचेवर एक परिपत्रक काढी. शेजारचा इम्प ते वाची आणि आपल्या शेजाऱ्यांकडे धाडी. परिपत्रक नवे की जुने हे ओळखण्यासाठी त्यावर ० ते ६३ यांपैकी एक क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ० येई. त्यामुळे क्रमांकांची तुलना घड्याळाच्या तबकडीप्रमाणे केली जाई. अर्ध्या फेरीच्या आत जो पुढे, तो नवा.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हे सारे जाळे कित्येक तास निकामी झाले. इम्पची तपासणी केली तेव्हा असे दिसले की, लोकांची पत्रे पोचविण्यास त्यांना सवडच उरली नव्हती. ते परिपत्रके वाचण्यात आणि पुढे धाडण्यात गढून गेले होते. एखादा इम्प बंद करून पुन्हा चालू केला तरी उपयोग होईना, कारण शेजारी लगेच तीच परिपत्रके त्याच्या हाती देत. मग ती परिपत्रकेच उघडून पाहिली. सारी एकाच, म्हणजे ५० क्रमांकाच्या इम्पच्या नावाची! आणि त्यांवर क्रमांक तीनच: ८, ४० आणि ४४. आता गंमत पाहा. ४० पेक्षा ४४ नवे. ८ पेक्षा ४० नवे. आणि तबकडीच्या नियमाने ४४ पेक्षा पुन्हा ८ नवे! म्हणजे तिन्ही परिपत्रके एकमेकांपेक्षा नवी. प्रत्येक इम्प प्रामाणिकपणे नव्यासाठी जुने टाकीत होता आणि नवे पुढे धाडीत होता. या प्रामाणिकपणाला अंत नव्हता.

हे तीन क्रमांक आले कोठून? संगणकाच्या एक-शून्याच्या लिपीत ४४ हा अंक १०११०० असा लिहितात. त्यातला एक ‘१’ गळाला की १०१००० होते, म्हणजे ४०. आणखी एक ‘१’ गळाला की ००१०००, म्हणजे ८. संशय शेजारच्या २९ क्रमांकाच्या इम्पकडे वळला, कारण त्याचे यंत्र बिघडलेले होते आणि त्याच्या स्मृतीतून अंक गळत होते. तारेवरून जाताना पाकिटात चूक झाली तर ती पकडण्याची सोय होती. यंत्राच्या पोटात पडून असताना चूक झाली तर ती पकडण्याची सोय नव्हती. शेवटी ‘५० क्रमांकाच्या इम्पकडून आलेल्या परिपत्रकांकडे लक्ष देऊ नये’ अशी सूचना सर्व इम्पना देण्यात आली, तेव्हा कोठे जाळे मोकळे झाले. एरिक रोझेन यांनी १९८१ साली या प्रकाराचा सविस्तर वृत्तान्त लिहून तो सर्वांसमोर ठेवला.

मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. हस्तलिखिताची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून एक काना गळतो. पुढचा लेखनिक त्याच प्रतीवरून इमानेइतबारे दुसरी प्रत करतो, आणि चुकीचा पाठ गावोगाव पसरतो. त्यात कोणीही लबाड नसतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठशुद्धी केली, ती लेखनिकांना शिक्षा करण्यासाठी नव्हे. गळलेला काना कोठे गळला हे पाहणे हेच ते काम. १९८० साली आर्पानेटच्या अभियंत्यांनी जे केले ती एक प्रकारची पाठचिकित्साच होती.

दुसरा प्रसंग २००३ सालचा आहे आणि तो अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेतील मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात एक सार्वजनिक ‘वेळेचा सर्व्हर’ होता. जगातील कोणत्याही संगणकाने ‘किती वाजले?’ असे विचारावे आणि त्याने अचूक वेळ सांगावी, असे त्याचे काम. ही धर्मशाळाच म्हणा. मे २००३ मध्ये या धर्मशाळेच्या दारात अफाट गर्दी झाली. विद्यापीठातील लोकांना साहजिकच वाटले की हा हल्ला आहे. त्या काळीही ठरवून पाकिटांचा मारा करून एखादे जाळे बंद पाडण्याचे प्रकार होतच होते. त्यांनी विद्यापीठाच्या वेशीवरच ही पाकिटे अडविली. असले हल्ले दार लावले की बहुधा ओसरतात. हा ओसरला नाही, उलट वाढला! जून महिन्यात दर सेकंदाला २,५०,००० पाकिटे दारावर आदळू लागली.

येथे त्या मंडळींचे कौतुक वाटते. ‘शत्रू मोठा आहे’ असे म्हणून त्यांनी भिंत आणखी उंच केली नाही. त्यांनी पाकिटेच नीट पाहिली. विद्यापीठातील अभियंते डेव्ह प्लोंका यांनी या शोधाची हकिकत त्याच वर्षी लिहून प्रसिद्ध केली. पाकिटांवर दोन खुणा होत्या. सारी पाकिटे एकाच मापाची, ७६ बाइटांची होती. आणि पाठविणारे पत्ते लाखो असले तरी पाठविणाऱ्याच्या पोर्टचा क्रमांक एकच होता, २३४५७. लाखो घरे निरनिराळी, पण पत्र लिहिणारा हात जणू एकच. शिवाय ते पत्ते खोटे नव्हते. त्यांपैकी काही ठिकाणी सरळ विचारणा केली, आणि उत्तरांतून एक समान वस्तू पुढे आली: नेटगिअर या कंपनीचा घरगुती वापराचा स्वस्त राउटर.

हल्लेखोर कोणीच नव्हता. राउटर तयार करताना विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता त्याच्या आज्ञावलीत कायमचा कोरून ठेवलेला होता. राउटरने त्याला वेळ विचारायची आणि उत्तर आले नाही तर एका सेकंदाने पुन्हा विचारायची. उत्तर येईपर्यंत असे विचारीतच राहायचे. वेळ विचारणारा रीतसर संगणक ६४ सेकंदांपासून १,०२४ सेकंदांपर्यंत, म्हणजे सतरा मिनिटांपर्यंत, थांबून पुन्हा विचारतो. या यंत्रांना ती रीत शिकविलेलीच नव्हती. आणि अशी यंत्रे बनली होती ७,०७,१४७!

आता दार लावल्यावर गर्दी का वाढली ते कळते. उत्तर मिळाले असते तर राउटर गप्प बसला असता. विद्यापीठाने हल्ला समजून दार लावले, उत्तर बंद झाले, आणि लाखो यंत्रे दर सेकंदाला दार ठोठावू लागली. निदान चुकले की औषधानेच रोग वाढतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ज्या घरांत हे राउटर होते तेथील माणसांना यातले काहीही ठाऊक नव्हते. सेकंदाला ७६ बाइटांचे एक पाकीट ही इतकी क्षुल्लक गोष्ट आहे की घरच्या माणसाला तिचा पत्ताही लागू नये. घरोघरच्या नळाची एकेक थेंब गळती, पण ती सारी एकाच अंगणात!

कंपनीला कळविल्यावर तिने नवी आज्ञावली काढली. तीत वेळ कंपनीच्याच सर्व्हरला विचारायची, दहा मिनिटांनी एकदा विचारायची, आणि पाच वेळा उत्तर आले नाही तर थांबायचे, अशी सुधारणा केली. विद्यापीठाला तिने ३,७५,००० डॉलरची देणगीही दिली. परंतु नवी आज्ञावली निघाली म्हणजे ती घरोघरच्या यंत्रांत गेली असे नव्हे. जे यंत्र वरवर ठीक चालते ते कोण उघडतो? त्यामुळे पुढेही पुष्कळ काळ विद्यापीठाच्या दारी या यंत्रांची वर्दळ चालू राहिली.

या दोन प्रसंगांवरून काही वाचक म्हणतील, ‘म्हणजे दोषी माणूस कधी नसतोच की काय?’ असतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत फिरणारी एक आज्ञावली जाळ्यात सोडली. ‘येथे माझी प्रत आधीच आहे काय?’ असे ती विचारी. पण ‘आहे’ असे उत्तर आले तरी सातांतून एकदा ती तेथे शिरेच. एवढ्या एका नियमामुळे एकेका संगणकात तिच्या प्रतींची दाटी झाली आणि संगणक अडून बसले. येथे माणूस होता आणि त्याला शिक्षाही झाली: तीन वर्षांचे प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. परंतु क्रम ध्यानात घ्या. बर्कली आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जाणकारांनी आधी ती आज्ञावली उलगडून वाचली, ती कशी पसरते हे शोधले, तिला आवर घातला. खटला नंतर उभा राहिला आणि शिक्षाही नंतर झाली. कोणी सर्व विद्यार्थ्यांचे संगणक काढून घेतले नाहीत. हाच मॉरिस पुढे त्याच इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक झाला, हेही सांगावयास हवे.

तीन प्रसंग, तीन उगम. पहिल्यात बिघडलेले यंत्र, दुसऱ्यात निष्काळजी आखणी, तिसऱ्यात एका हुशार विद्यार्थ्याचा अविचार. वरून पाहता तिन्हींचे लक्षण एकच: जाळे तुंबले. लक्षणावरून उगम ओळखता येत नाही, तो पुराव्यानेच शोधावा लागतो, हे माझे म्हणणे एवढ्यावरून पटावे. आपण मात्र लक्षण दिसताच माणूस पकडतो, आणि तोही सोयीचा, उलट न बोलणारा. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण ज्यांनी केली त्यांनी संगणक पाहिलेला नव्हता, पण कारभार पुष्कळ पाहिलेला असावा!

येथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. उगम शोधायचा म्हणजे कोण काय वाचतो, कोण कोणाशी बोलतो, यावर पाळत ठेवायची काय? मुळीच नाही. तुंबलेल्या जाळ्याचा उगम शोधताना पत्र फोडावे लागत नाही, बहुतेक वेळा पाकीट पाहून भागते. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या पोर्टवरून, किती पाकिटे, किती बाइट, कोणत्या वेळात, एवढी नोंद ठेवता येते आणि अवचित गर्दी ओळखण्यास ती बहुधा पुरते. विस्कॉन्सिनची दोन्ही प्रमुख चिन्हे, पाकिटाचे माप आणि पोर्टचा क्रमांक, ही बाहेरचीच होती. ही नोंदही जपून वापरावी लागते, कारण कोण कोणाला पत्र लिहितो हे कळणेदेखील लहान गोष्ट नाही. म्हणून ती किती दिवस ठेवायची आणि कोणी पाहायची याचा नियम आधीच लिहिलेला असावा. चौकशीच्या नावाखाली हेरगिरी नको आणि हेरगिरीच्या भीतीने चौकशीलाच नकार नको.

मग आपल्या महाविद्यालयांनी करावे काय? माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत. जाळे सुरळीत चालते त्या दिवसांचीही नोंद ठेवावी. नेहमीचे पाणी किती हे ठाऊक नसेल तर पूर किती हे कसे कळणार? दुसरे, गर्दी झाली की आधी ‘कोणी केले?’ असे न विचारता ‘कोठून येते?’ असे विचारावे. इमारत, मजला, खोली, यंत्र, असे एकेक पाऊल मागे जावे. संगणक स्वतःची आज्ञावली स्वतःच नवी करून घेतात. एका प्रयोगशाळेतील सारे संगणक एकाच वेळी तसे करू लागले तरी जाळे अडते, आणि त्यात विद्यार्थ्याचा हात नसतो. तिसरे, दार लावावे लागलेच तर ते दोषी पाकिटांपुरते आणि थोड्या वेळापुरते लावावे. एका यंत्रासाठी वसतिगृह बंद करू नये. चौथे, जे सापडेल ते फलकावर लावावे. रोझेन यांनी लिहिले, प्लोंका यांनी लिहिले, म्हणून जगाला शिकता आले. आपल्याकडे बिघाड दुरुस्त होतो पण त्याची हकिकत कोणी लिहीत नाही, म्हणून प्रत्येक पिढीला तीच चूक नव्याने करण्याचा मान मिळतो!

काही जण म्हणतील, ‘एवढा खटाटोप करायला आमच्याकडे माणसे कोठे आहेत? जोडणी तोडणे सोपे.’ सोपे आहे खरे. माणसांची उणीवही खरी आहे, आणि एकट्या प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या डोक्यावर सारे जाळे टाकून त्याला दोष देणे हाही अन्यायच होईल. परंतु विस्कॉन्सिनच्या उदाहरणात सोपा उपाय केल्यानेच गर्दी वाढली होती. शिवाय या कामात आम्हा विद्यार्थ्यांचे साहाय्य घेता येईल. ज्या विद्यार्थ्यांवर संशय घेतला जातो त्यांच्याच हाती शोधाचे काम दिले तर संशयही फिटेल आणि शिक्षणही होईल. पुराव्याची पारख वर्गात शिकवायची आणि वर्गाबाहेर अफवेवर निकाल द्यायचा, ही विसंगती तरी संपेल.

जी माणसे उद्या यंत्रे आणि आज्ञावल्या घडविणार आहेत त्यांनाही एक सांगणे आहे. प्रश्न विचारणाऱ्याने किती वेळा विचारावे, उत्तर न आल्यास किती थांबावे आणि केव्हा गप्प बसावे, ही रीत यंत्रालाही शिकवावी लागते. एकाने दार ठोठावणे ही विचारणा असते, सात लाखांनी ठोठावणे हा पूर असतो, आणि ठोठावणाऱ्या प्रत्येकाला मात्र वाटते की आपण एकदाच ठोठावले.

ऋषीचे कूळ विचारू नये, हे मला मान्य आहे. वसतिगृहातील विद्यार्थ्याची शाखा, त्याचे गाव, त्याची ऐपत पाहून त्याच्यावर आरोप करणे म्हणजे नेमके कूळ विचारणेच होय. विचारायचे ते नदीचे मूळ. आपण मात्र अगदी उलट वागतो आहोत. माणसाचे कूळ आधी विचारतो आणि पाण्याचे मूळ विचारीतच नाही.